पूजेतलं पिस्तूल

तीन वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या संध्याकाळी, अमेरिकेत माझ्या धाकट्या भावाच्या घरी पूजेत मांडलेल्या पिस्तुलातून गोळी सुटली. पिस्तूल तेव्हा माझ्या आईच्या हातात होतं. गोळी माझ्या भावजयीच्या उजव्या गुडघ्यात गेली. पोलिसांनी चौकशी करून अपघात अशी नोंद केली. कुणावरही गुन्हा दाखल झाला नाही.

एवढं आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका.

मी सिंगापूरमध्ये एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काम करते. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते, त्यामुळे तिकडच्या गोळीबाराच्या बातम्या बऱ्याचदा माझ्याच पाळीत येतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. ठिकाण, मृत, जखमी, पोलिसांनी काय सांगितलं, कशाला अद्याप दुजोरा नाही. शेवटचा परिच्छेद जवळजवळ तयारच असतो – या घटनेनं शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा वाद पुन्हा पेटला आहे, एका बाजूचं म्हणणं असं, दुसऱ्या बाजूचं तसं. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी. तो परिच्छेद मी किती वेळा लिहिला असेल? मोजलेलं नाही.

घरात मात्र मी एकाच बाजूची होते. रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असायचा. इकडे तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये मी, नवरा आणि मुलगी तन्वी. तिकडे भाऊ मंदार, त्याची बायको शलाका, त्यांची मुलगी इरा आणि सहा महिन्यांसाठी गेलेली आई. मंदारचं आणि माझं बंदुकीवरून हटकून वाजायचं. "ताई, तू बोलूच नकोस. तुझ्या देशात च्युइंगगम विकायला बंदी," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "आणि तुझ्या देशात तुझी मुलगी शाळेत कपाटामागे लपायची तालीम करते." मग आई म्हणायची, "झालं तुमचं? आता जेवलात का, ते सांगा." सगळे हसायचे. या घरात ताई बंदुकीच्या विरोधात आणि मंदार बाजूनं, हे ठरून गेलं होतं.

मंदारकडे तेव्हा बंदूक नव्हती, हे लक्षात ठेवा. तो नुसता वाद घालायचा.

मग त्यांच्या वस्तीत चोऱ्या सुरू झाल्या. भारतीयांच्या घरात सोनं असतं, हे तिकडच्या चोरांना ठाऊक झालेलं आहे. त्यांच्या पलीकडच्या गल्लीत भरदिवसा दोघं घुसले. घरात एकटी म्हातारी बाई होती. तिला न्हाणीघरात कोंडून त्यांनी कपाटं फोडली. संध्याकाळी सून कामावरून आली, तोवर ती बाई आतच बसून होती. आई तिला ओळखत होती. दोघी एकत्र फिरायला जायच्या.

आईही दिवसभर घरात एकटीच असायची.

भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आमच्या मजल्यावर लोक दार उघडं टाकून नुसती जाळी लावून बसतात, चपला बाहेर राहतात, कुणी काही नेत नाही. अशा ठिकाणी बसून मला दिसत राहायचं – आई, तिकडचं ते लाकडी दार आणि दारावर कुणाचा तरी खांदा. कामात लक्ष लागेना. बातमीत एखाद्या वृद्धेचा उल्लेख आला की मी वय आधी बघायचे.

एका सकाळी कामावर जाण्याआधी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी घेऊन बसले होते, तेव्हा मंदारचा फोन आला. तो ऑफिसातून घरी निघाला होता, गाडी चालवत होता. नेहमीसारखा चेष्टेच्या सुरात नव्हता. म्हणाला, "ताई, खरं सांग. तू रोज हेच वाचतेस. शलाका नको म्हणते. घ्यावं का एक पिस्तूल?"

मला माहीत होतं, घरात बंदूक आली की ती बहुधा घरातल्याच माणसाला लागते. अशा किती बातम्यांमधलं शुद्धलेखन मी तपासलं होतं. आणि तरी मी म्हणाले, "घे."

तो म्हणाला, "कुलपात ठेवायचं ना?"

मी म्हणाले, "कुलपातल्या पिस्तुलाचा आईला काय उपयोग? भरून, तयार ठेव. हाताशी."

हे माझेच शब्द. माझ्या समोर तेव्हा शेजारच्या टेबलावर एक आजोबा नुडल्स खात होते, रेडिओ चालू होता. मी इतकी शांतपणे बोलले की त्यांनी वरही पाहिलं नाही.

हे एवढंच असतं, तर भीतीच्या भरात चूक झाली, असं म्हणता आलं असतं. पण मग पुढच्या रविवारी काय झालं? शलाका कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. पिस्तूल आणलंय. माझं काही ऐकत नाहीत." आणि मी सांगितलं. सगळ्यांच्या देखत, नेहमीच्या आवाजात, नेहमीचे मुद्दे. इराच्या वयाच्या मुलांचे दाखलेसुद्धा दिले. मंदार माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या एका वाक्यानं मी उघडी पडले असते. तो हसून म्हणाला, "आमचा विरोधी पक्ष जागा आहे अजून." बस. त्यानं मला सांभाळून घेतलं. आणि मी त्याला तसं करू दिलं – त्या रविवारी, आणि नंतरच्या प्रत्येक रविवारी.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. अजून आहे. तिच्याभोवती घुटमळते आहे, हे मलाही कळतंय.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडतात. आजोबांच्या वेळी करवत, पटाशी, विळी असायची. आता लॅपटॉप, गाडीची किल्ली, मुलांची कंपासपेटी. आई तिकडेही सगळं साग्रसंगीत करत होती. मंदार गमतीनं म्हणाला असणार, घरात खरं शस्त्र एकच आहे. आणि आई म्हणाली असणार, मग ते ठेवायलाच हवं. त्यांच्याकडे ती संध्याकाळ होती, माझ्याकडे दसऱ्याची सकाळ. मी डेस्कवर होते. घरच्या ग्रुपवर मंदारचा फोटो आला. खाली लिहिलं होतं – विरोधी पक्षानं माफ करावं.

पाट, लाल कापड, विळी, कात्री, दोन लॅपटॉप, इराची कंपासपेटी. मधोमध पिस्तूल, त्यावर पिवळं शेवंतीचं फूल. नळी समोरच्या देवांच्या तसबिरीकडे रोखलेली. गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलेलं. त्यालाही हळदकुंकू.

फोटोतले तपशील बघणं हे माझं कामच आहे. मॅगझिन बाजूला आहे, म्हणजे मंदारनं पिस्तूल रिकामं केलं असं त्याला वाटतंय, हे मला लगेच कळलं. आणि दुसरंही कळलं. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत, नळीच्या मागच्या चेंबरमध्ये, राहू शकते. पिस्तूल तयार ठेवलं असेल तर राहतेच. कुणाच्या सांगण्यावरून ते तयार ठेवलं होतं?

मी टाइप केलं – चेंबर बघितलंस का?

बोट पाठवण्याच्या खुणेवर होतं. आणि मनात आलं, ग्रुपवर शलाका आहे. ती विचारेल, ताई, आत गोळी असेल असं तुम्हाला का वाटलं? मंदारला उत्तर द्यावं लागेल. आई वाचेल. सगळे वाचतील.

मी ती ओळ पुसली.

मंदारला वेगळा मेसेज करता आला असता. फोन करता आला असता. मी ठरवलं, थोड्या वेळानं त्याला एकट्याला गाठून विचारू. समोर एक बातमी संपादनासाठी उघडी होती. ग्रुपवर मी लिहिलं – सुंदर मांडलंय. आणि बातमीकडे वळले.

पुढचं मला शलाकाच्या जबाबावरून आणि मंदारच्या फोनवरून माहीत आहे. आई पाटासमोर बसली होती. तिला खटकलं की पिस्तुलाचं तोंड देवाकडे आहे. "देवाकडे तोंड नको बाई," असं म्हणून तिनं ते उचललं आणि उलट फिरवलं. कसं धरायचं असतं ते तिला कोण शिकवणार? उलट बाजूला शलाका निरांजन घेऊन येत होती.

शलाकाच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. ती काठी घेऊन चालते. तिला जमिनीवर बसता येत नाही. तिकडच्या एका स्थानिक संकेतस्थळावर चार ओळींची बातमी आली – धार्मिक विधीच्या वेळी वृद्ध नातेवाइकाच्या हातून. मी ती डेस्कवर वाचली. तीत एकही चूक नव्हती.

हॉस्पिटलमधून शलाकानं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही सांगत होतात, ताई. तुम्ही एकट्याच सांगत होतात." मी म्हणाले, "हो गं."

हो गं. हेही माझेच शब्द.

पिस्तूल पोलिसांनी नेलं, मंदारनं ते परत मागितलं नाही. तो आता वाद घालत नाही. रविवारच्या कॉलवर कधी अमेरिकेतला विषय निघाला की उठून पाणी आणायला जातो. त्यानं शलाकाला सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं? मी विचारलेलं नाही. विचारलं तर तो सांगेल, या भीतीनं. प्रत्येक वेळी स्क्रीनवर त्याचा चेहरा उमटला की मी आधी त्याचे ओठ बघते.

आई आता माझ्याकडे असते. सिंगापूर तिला आवडतं, खाली बाकांवर तिच्या दोन तमिळ मैत्रिणी आहेत, खुणांवर गप्पा चालतात. पण ती विळीला हात लावत नाही. फळसुद्धा कापत नाही. तन्वी तिला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आजी, इट्स जस्ट अ नाइफ लाह," तर हसून म्हणते, "माझ्या हाताला यश नाही गं." आणि भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच, कुणाला उद्देशून नव्हे, म्हणते, "त्यानं गोळी आत का ठेवली असेल?"

मी म्हणते, कोण जाणे.

यंदाच्या खंडेनवमीला सेरंगून रोडवरच्या भारतीय बाजारातून झेंडू आणला. पाटावर माझा लॅपटॉप, तन्वीचा टॅबलेट, कात्री. कात्री मी ठेवली, आई लांब बसून सांगत होती. तन्वीनं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. आई आपल्या फोनवर तो बघत होती. चष्मा वर करून म्हणाली, "त्या दिवशी तू काय लिहीत होतीस गं?"

मी विचारलं, "कधी?"

"मंदारनं फोटो टाकला तेव्हा. तुझं नाव आणि टायपिंग टायपिंग येत होतं. मग थांबलं. मग परत आलं. मी फोन हातात धरून थांबले होते. म्हटलं, पूजेत काही राहिलंय का, ही सांगेल. मग तुझं आलं, सुंदर मांडलंय. तेव्हा मी फोन ठेवला आणि पाटाकडे वळले."

तन्वी आमच्याकडे बघत होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

मी म्हणाले, "तेच लिहीत होते, आई. स्पेलिंग चुकलं, म्हणून पुसून परत लिहिलं."

आईनं मान डोलावली. कुंकवाची कोयरी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "कात्रीला तूच वाहा."

मी कात्रीला कुंकू वाहिलं. ग्रुपवर तन्वीच्या फोटोखाली मंदारचं नाव आलं, तो काहीतरी टाइप करत होता. मग ते थांबलं. त्याचा मेसेज आला नाही.