उजवं सूप

तारवटी मास्तरांच्या घरापुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीत, दोन सुपं असायची. डावं 'एल'चं, म्हणजे पुल्लिंगी शब्दांचं; उजवं 'ला'चं, स्त्रीलिंगी शब्दांचं. घरातली वस्तू हातात घ्यायची, तिचं स्पॅनिश नाव सांगायचं आणि योग्य सुपात टाकायची. चुकलं तर मास्तर बोलायचे नाहीत. वस्तू उचलून पुन्हा आमच्या हातात द्यायचे.

मूळचे पेडण्याकडचे, उमर जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत गेलेली, म्हणून तारवटी. शेवटी डिचोलीत स्थिरावून स्पॅनिश शिकवायला लागले. खाण बंद पडून आमचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. स्पेनमध्ये एका म्हातारीला सांभाळायचं काम होतं. फोनवर स्पॅनिशमधून मुलाखत द्यायची होती. ती फसली असती तर माझ्यापुढे दुसरं काही नव्हतं.

व्याकरण ते पालखीवरून सांगत. "पुढे ढोल, मध्ये पालखी, मागे भजनी मंडळी. म्हणजे आधी एल-ला, मग नाम, मग विशेषण. पालखीत देवी असली की ढोल तिचा, मंडळीही तिची." म्हणून पांढरं घर 'ला कासा ब्लांका', पण पांढरा बोका 'एल गातो ब्लांको'. पालख्या दोन झाल्या की सगळंच वाढायचं: 'लास कासास ब्लांकास'. आमच्या मराठीतलं 'ते घर', 'ते भांडं' कुठे टाकू, असं मी एकदा विचारलं. "तिसरं सूप नाही, बाय," एवढंच म्हणाले.

पाठ मोडायच्या त्या काकी, मास्तरांची बायको. आम्ही त्यांच्या चुलीवरची भांडी सुपांत घालून बसायचो आणि त्या पदराला हात पुसत दारात यायच्या. "ओ मास्तर, ती ला कुचारा हांगा हाडा, आमटी खाली लागता." लाकडी चमचा घेऊन जायच्या. कधी शिकायला बसल्या नाहीत, पण 'एल कुचारा' त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मास्तर म्हणायचे, वर्गात पास होणारी ही एकटीच.

माझ्या मुलाखतीच्या तोंडावर काकी गेल्या. सुतक संपल्यावर मास्तरांनीच फोन करून बोलावलं. सुपं होती तशीच होती. लाकडी चमचा उजव्या सुपात पडलेला. चुलीवर मास्तर स्टीलच्या पळीने भात ढवळत होते. मी चमचा उचलून आत खुंटीला लावायला निघाले.

"ठेव तो. लागला की ती मागते," ते म्हणाले. भात उतरवून बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "चल, खिडकीपासून सुरू कर."

मी खिडकीपासून सुरू केलं. त्यांनी एकदाही आत पाहिलं नाही.

मुलाखतीत फोनवरच्या बाईने मला माझं स्वयंपाकघर कसं आहे ते विचारलं. मी काकींचं सांगितलं. काम मिळालं.

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथल्या म्हातारीला सूप भरवत होते. बरं म्हटलं, फोन ठेवला. सूप गार होत होतं, ते संपवलं. तिचं तोंड पुसलं. चमचा धुतला आणि ओट्याच्या उजव्या बाजूला ठेवला.