उरलेली माती

लग्न होताच दादा वहिनीला घेऊन माजरीच्या कोळसा खाणीत कामाला गेला. घराला एक खोली वाढवली तर तो परत येईल, असं आईच्या मनाने घेतलं.

चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. चांद्याजवळच्या आमच्या गावात बांधकामाआधी हातभर खड्डा खणून तीच माती परत भरून बघत. उरली तर जमीन घट्ट, कमी पडली तर पोकळ.

परसात माती कमी पडली.

"अजून एक डाव पाहा ना जी," आई म्हणाली.

बाबांनी शेजारी दुसरा खड्डा खणला आणि ते विहिरीवर पाणी प्यायला गेले. तेवढ्यात आईने तुळशीजवळची टोपलीभर लाल माती त्या काळ्या ढिगात मिसळली. बाबांनी येऊन खड्डा भरला. उरलेल्या मातीतलं एक लाल ढेकूळ बोटांनी चुरडत त्यांनी आईकडे पाहिलं.

"उरली वं माती. बांधू."

मला दोघांचाही भयंकर राग आला. आज तसं फसवणारं कुणी नाही, आणि जाणूनबुजून फसणारंही नाही.

दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत तडकली. दादा राहायला आलाच नाही. आई दर दिवाळीआधी ती भेग लिंपायची, आणि कालवलेली माती दर वर्षी कमीच पडायची.