उजव्या काखेची तक्रार

आमच्या बाळापुरात ब्लाउज शिवायला टाकताना कुणी अंगाचं माप देत नाही. नीट बसणारा एक जुना ब्लाउज पिशवीत घालून द्यायचा, की झालं. माझा मापाचा ब्लाउज मी शाळेत नोकरीला लागले तेव्हाचा. इतकी वर्षं तोच दिला, आणि नवे ब्लाउज उजव्या काखेत दाटायला लागले तेव्हा शिवणाऱ्या आपांना बोल लावला. मी मास्तरीण, त्यामुळे चूक दुसऱ्याचीच असते अशी माझी ठाम समजूत आहे.

आपा आमच्याच गल्लीत राहतात आणि निम्म्या गावाचं शिवतात. तिसऱ्यांदा मी ब्लाउज परत नेला तेव्हा पुतण्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. उजवीकडची शिवण उसवून अर्धा इंच सोडा आणि वाद मिटवा, असं मी सांगितलं. आपांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दोन्हीकडून काखेतून टेप फिरवला. मग उजव्या काखेत बोटांनी चाचपलं.

"बाई, कापडात खोट न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या काखेत गाठ हाय. आधी डॉक्टरला दाखवा. तवर मी सुई लावणार न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. काखमांजर असेल, पिकून फुटेल, असं म्हणत घरी हळदीचा गरम लेप लावला. शेतातली हळद घरात पोत्यानं असल्यावर दुसरं काय सुचणार? आठ दिवसांत काख पिवळीधमक झाली, गाठ मात्र होती तिथेच. ती दुखतही नव्हती, आणि न दुखणारी गाठ वाईट असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मग माझी पाचावर धारण बसली. वर्गात पाढे म्हणून घेताना मनात एकच यायचं, कॅन्सर निघाला तर माझ्या पोरीकडे कोण बघणार? नवरा माझ्याहून भित्रा, म्हणून हिंगोलीला आपाच सोबत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी काख बघून पहिलाच प्रश्न विचारला, कावीळ झालीय का? लेपाचं ऐकून त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं, बाळंतपणानंतर इथे सूज यायची का? यायची की. लेकरू पाजायच्या दिवसांत काख भरून ठणकायची, आणि दूध दाटलं म्हणून सासूबाई शेकत बसायच्या. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. काही बायकांच्या काखेत स्तनाचाच थोडा भाग जन्मापासून राहून गेलेला असतो. स्तनात जशा गाठी होतात तशा त्यातही होऊ शकतात. ही साधी वाटते, पण तपासल्याशिवाय तसं म्हणायचं नाही. इतक्या भीतीतही मला माझ्या काखेचं जरा कौतुकच वाटलं.

सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. लग्नात मी जुनाच ब्लाउज घालून मिरवले, आणि त्यानंतर गाठ काढून तपासायला पाठवली.

रिपोर्ट आणायलाही आपा आल्या. साधी गाठ, कॅन्सर नाही, पुढे औषधही नको. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन हसत सुटले आणि रस प्यायला चला म्हणून आपांना ओढू लागले. त्या मात्र बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"माझ्या धाकट्या बहिणीचे ब्लाउज मीच शिवायची," त्या म्हणाल्या. "एका बाजूनं तंग होतंय म्हणायची. मी दर बारीला सैल करून देत गेले. काहून तंग होतंय, ते इचारलंच न्हाई. मंग लई उशीर झाला."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी अर्धा इंच सोडून दिला असता तर माझं तोंड त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि ती गाठ घेऊन मी खुशीत घरी गेले असते.