सुभेदारांची काठी
आज सकाळी बुटांना पॉलिश करताना त्या वासानं माझं उजवं मनगट ठणकलं. आमच्या चिंताकी गावात एक रिटायर सुभेदार आम्हा पोरांकडून फौजेच्या भरतीची तयारी करून घ्यायचे. एका वर्षी जयंतीच्या आमच्या मिरवणुकीवर दगड बरसले, तसे आम्हीही दगड उचलले. सुभेदार त्या दगडांकडं पाठ करून उभे राहिले आणि काठीनं आम्हालाच झोडपू लागले. मनगटावर काठी बसली तसा मी त्यांच्या चकचकीत बुटांपाशी कोसळलो. त्यांच्या डोक्यातलं रक्त माझ्यावर गळत होतं. "अप्पा, आमालाच कामून मारायलाव?" मी ओरडलो. "हाड जुळतंय रे! पोलिस केस लागली तर भरती कायमची गेली!" आज दुपारी त्यांना खांदा दिला, तेव्हा त्या दिवशी मार खाल्लेले आम्ही चौघंही वर्दीत होतो.