खाटेच्या मापाचं दार

पास्कूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदला दातांच्या दवाखान्यात होतो. दादा गवंडी, माझा शेजारी, आटगावजवळचं आमचं सभागृह त्यानेच बांधलेलं. दीड महिना झाला. दात बरा झाला, राग नाही.

आमच्याकडे वेगळं चर्च नाही. मिस्सा, लग्नं, महिला मंडळाची सभा, सगळं त्याच हॉलमध्ये. मधे एकही खांब नाही, भिंतींना सिमेंटच्या जाळ्या, त्यामुळे मे महिन्यातही आत वारा खेळायचा. नकाशा शहरातल्या इंजिनिअरचा, दार मात्र दादाचं. आमच्यात मयताला घरून एकदा खांद्यावर घेतलं की वेदीपुढेच उतरवायचं, वाटेत टेकवायचं नाही. नकाशातलं दार पाहून दादा घरची खाट घेऊन आला आणि तिच्यावर आडवा झाला. "मी मेलोय असं समजा नि उचला रे!" चौघांनी खाट खांद्यावर घेतली, पुढे उजवीकडे मी होतो. आमच्या कोपरांच्या बाहेर त्याने दोन्हीकडे विटा ठेवायला लावल्या. "दार एवढं ठेवा. मानूस सरळ आत गेला पायजे, वाकडा नाय." इंजिनिअर हसला, पण दार तेवढंच झालं.

मग हॉलच्या समितीतल्या शहाण्यांना एसीचे डोहाळे लागले. जाळ्या बुजवल्या, दार काचेचं केलं, तेही निम्मं कायमचं बंद, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. हे ठरलं त्या बैठकीत दादा उभा राहिला होता. "यातून खाट नाय जायाची रे." सगळे हसले. लिहायला लाज वाटते... मंजुरीसाठी वर झालेल्या हातांत माझाही हात होता.

दादाला नेलं त्या दिवशी आम्ही त्याच दारात अडलो. शवपेटी खांद्यावरून उतरवली, पायरीवर टेकवली आणि कपाट सरकवावं तशी तिरकी करून आत ढकलली. मग समितीचे अध्यक्ष माइकवरून दादाच्या 'अमूल्य योगदाना'बद्दल बोलले. त्यांची कॉलर धरावी असं वाटत होतं. पण कुठल्या तोंडाने धरणार?

परवा दादाच्या घरी गेलो. ती खाट अजून ओटीवरच आहे. "बसा ना भावजी," मार्थावहिनी, दादाची बायको, म्हणाली. मला बसवेना.

"दार तेवढं मोठं करा आता," ती म्हणाली. "मला तरी सरळ न्या."