तक्रारीवरची पहिली सही

लिफ्टदुरुस्तीचं काम करणाऱ्या त्या गृहस्थांना परदेशात येऊन एकोणीस वर्षं झाली होती. इमारतीत सगळे त्यांना 'लिफ्टवाले' म्हणत, पण कशात धरत नसत. म्हणून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई तक्रारीचा अर्ज घेऊन दारात आल्या, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! जिन्यात रोज सकाळी कुणीतरी परक्या भाषेत फोनवर ओरडतं, अशी तक्रार होती.

"या बाहेरच्यांना वागायची रीतच नाही," म्हणत लिफ्टवाल्यांनी ऐटीत पहिली सही ठोकली. वर 'असह्य' हा शब्दही घालायला लावला.

दार लावून वळतात तो बायको कपाळाला हात लावून उभी.

"अहो, आईंना कमी ऐकू येतं म्हणून जिन्यात रोज कोण ओरडतं?"

घरात रेंज मिळत नसे, म्हणून ते जिन्यातूनच आईला फोन करत. लिफ्टवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तसेच अनवाणी ते खाली धावले.

"बाई, तो ओरडणारा मीच!"

"ठाऊक आहे. सह्या गोळा करण्याआधी तुमच्या कानावर घालायला आले होते. पण तुम्ही इतक्या हौसेनं सही केलीत, की मला बोलवेना."

दोघंही पोट धरून हसली. बाईंनी अर्ज फाडला आणि फोनसाठी आपली बाल्कनी देऊ केली.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "शेजार कसा आहे रे?"

"चांगलाय गं!" लिफ्टवाले बाल्कनीतून ओरडले. "फक्त वरचा एक लिफ्टवाला जरा आगाऊ आहे."