गुंजेला माती

धर्मापुरीच्या फाट्यावर बसवराज आप्पांची पानटपरी होती. त्यांच्या पानात गुंजेचा पाला असायचा. चघळला की गोडवा जिभेवर रेंगाळायचा. वेल त्यांच्याच बांधावरच्या बोरीवर चढलेला, दरसाल आपोआप फुटणारा. पाला तोडायला त्यांची बायको, बसम्माकाकू जायच्या.

फाल्गुनात आप्पा गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना शेतातच, बोरीखाली माती दिली. खड्डा घेताना वेल मुळासकट निघाला. त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. काकूंनी तेवढं पाहिलं.

"त्यांच्या उशाशी गुंज पायजे," पुढं त्या एवढंच बोलत राहिल्या.

पावसाच्या तोंडावर, शेळ्या राखणाऱ्या सटवानं डोंगरातून बी आणलं. लालभडक, काळ्या डोळ्याचं.

"तोंडात बिंडात घालू नका काकू, ईख हाय ईख! दगडावर जरा घासा, ऊन पाण्यात रातभर ठिवा. फुगंल तेवढंच लावा. आन् उकळू नका, न्हाईतर उसळ व्हायची!"

काकू हसल्या. किती दिवसांनी! सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. फुगलेलं बी बोरीखाली नेलं आणि नुसतं जमिनीवर मांडलं.

"आवं, माती द्या की त्याला. बोटाच्या पेराएवढी."

काकूंचा हात थांबला. "एकदा दिली की रे, सटवा."

सटवा खाली वाकला. मग त्यानंच माती सारली, पाणी शिंपडलं.

थोड्या दिवसांनी बीडहून लेक आली, शिवांजली. बघते तर आई बोरीखाली बसून बोटानं माती उकरतेय.

"आई, काय करतेस?"

"बघते."

"रोज?"

"रोज. काल एकाला मोड आलता. लई बारीक, पांढरा." तळहातावर तो मोड सुकून पडला होता.

"अगं, असं उकरल्यावर उगवंल कसं?"

"कळतंय मला. पण झाकलेलं बघवत न्हाई, शिवा. त्या दिवशी समद्यांनी घाई केली. म्हणले, टाक माती. मी टाकली. तोंड बी नीट बघू दिलं न्हाई गं."

शिवांजली आईशेजारी बसली. उरलेलं बी तिनं मातीत दाबलं, वरून हात फिरवला. काकूंची बोटं लगेच तिकडं वळली. तिनं ती धरली. काकूंनी हिसडा दिला, पुन्हा दिला, मग हात ढिले सोडले.

"घट्ट धर," त्या म्हणाल्या. "मी सोड म्हणलं तरी सोडू नको."